मार्गदर्शन केंद्र, वरचा मजला

बांधकाम खात्याचे साहेब, अख्खा जिना गिळलात तुम्ही! बालाघाटच्या नव्या करिअर मार्गदर्शन केंद्राला वरचा मजला आहे, पण चढायला एक पायरी नाही. कॉलेज प्रवेशाचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख, म्हणून बारावी झालेली संघमित्रा खालूनच ओरडली, "सर, आर्किटेक्चर घेऊ का आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग?"

दोरीनं आपला डबा खिडकीत ओढता ओढता सल्लागार म्हणाले, "जिना कुठं काढायचा ते आर्किटेक्ट ठरवते. तो टिकंल का, ते इंजिनिअर पाहते."

"मंग इथला कोण विसरला? हट्टा गावच्या जुन्या बावडीले बी पायऱ्या हायेत!"

"चौकशी समिती बसली ना."

"कुठं?"

"इथंच, वर. आमाले चढवलं अन् ठेकेदार शिडी घेऊन गेला."



खिडकीतून वाकून सल्लागार म्हणाले, "तू इंजिनिअरिंगच घे, पोरी. चार वर्षांत होते. आर्किटेक्चरले पाच लागते. ते जास्तीचं एक वर्ष आमी वर कसं काढावं, सांग?"