पायाखालचं गाव

लांबट, झिजलेल्या दगडावर बसून द्वारकाबाईंनी डबा उघडला. टेकडीच्या खाली स्कॉटलंडचं हिरवंगार खोरं पसरलं होतं. कुठे घर नाही, की शेत नाही.

"किती निवांत आहे गं! इथे कधी कुणी राहिलंच नसेल," त्या लेकीला म्हणाल्या.

मागून चढत आलेला एक म्हातारा त्यांच्यापाशी थांबला. त्याने काठीने गवत बाजूला सारलं. खाली धुराने काळे पडलेले दगड होते. तो इंग्रजीत बराच वेळ बोलला आणि लेकीचा चेहरा उतरला.

"आई, ही चूल आहे. इथे अख्खं गाव होतं. दोनशे वर्षांपूर्वी जमीनदाराला मेंढ्या चारायला रान हवं होतं, म्हणून छपरं पेटवून माणसं हाकलून दिली. तू बसलीयेस तो उंबरा आहे."

बाई चटका बसल्यासारख्या उठल्या. घास हातातच राहिला. सकाळपासून डोळे भरून पाहिलेलं ते सगळं कुणीतरी रिकामं केलेलं होतं!

"त्यांना सांग," त्या लेकीला म्हणाल्या, "मी सहा वर्षांची असताना आमचं गाव धरणात गेलं. आता लोक तिथे बोटीत बसून फोटो काढतात."

हे लेकीला बाईंनी कधी सांगितलंच नव्हतं. मग तिने शब्दन् शब्द म्हाताऱ्याला सांगितला. त्याने टोपी काढली आणि गावाचं नाव विचारलं.

"पळसघळ."

त्याची जीभ दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा त्याने ते नीट उच्चारलं, तेव्हा बाईंना रडू फुटलं.