भंगारातली केबिन

लहान मुलांना ऐकू येतं का, ते तपासायची विद्यापीठातली जुनी केबिन भंगारात निघाली. ती काढायच्या कागदावर सही भांडार अधिकारी मैत्रीचीच होती. कळताच तिचे बाबा स्वारगेटहून रिक्षा करून आले.

“अहो बाबा, वाळवी लागलीय तिला. बघायचंय काय त्यात?”

बाबा आत जाऊन स्टुलावर बसले.

“तीन वर्षांची होतीस तू. तोवरच्या माझ्या सगळ्या हाका वाया गेल्या होत्या. तुझ्या कानाला पहिल्यांदा यंत्र लावलं, मी इथूनच हाक मारली आणि तू वळून बघितलंस.”

बाहेर टेम्पोवाला खोळंबला होता. मैत्रीने त्याला थांबायची खूण केली, बाबांकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, “हाक मारा ना बाबा, अजून एकदा.”