रंगाऱ्याचा नाश्ता

रंगारीबुवांनी वाटीभर सूप निमूटपणे पिऊन टाकलं, तोंड पुसलं, "छान होतं" म्हणाले, आणि त्यांच्या बायकोला रडू कोसळलं.

डॉक्टर चक्रावले. "अहो काकू, रडता काय? शिडीवरून पडलेला माणूस आज स्वतःच्या हाताने जेवला. सगळं पोटात गेलं. याहून चांगलं लक्षण कोणतं हवंय?"

"त्यांनी त्यात काहीच घातलं नाही हो," ती म्हणाली.

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. रंगारीबुवांच्या हातचं ते बिचारे कधी जेवले नव्हते. या गृहस्थांनी जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या आणि रंग मिसळायची खोड थेट स्वयंपाकघरात आणली. एकट्या पदार्थाला ते पदार्थच मानत नसत. "नुसता पांढरा फासायला मी कशाला हवा?" असं म्हणत ते भातात कॉफी कालवायचे, मासळीवर मुरंबा पसरायचे. घास पोरांच्या तोंडात गेला की समोर उभे राहून निरखायचे. पोरांनी तोंड वाकडं केलं तरी हे शांत. "अजून ओलं आहे. वाळलं की खुलेल."

आता तेच गृहस्थ डोक्याला पट्टी बांधून खाटेवर बसले होते आणि पाहुण्यासारखं गोड बोलत होते. डोक्याला मार आहे, स्वभाव थोडा बदलू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बायकोने धास्ती घेतली होती ती हातापायांची, वाचेची. माणूस सगळा शाबूत राहील आणि तरी आपला राहणार नाही, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

संध्याकाळी मुलगा आणि मुलगी भेटायला आली, तेव्हा तिने दोघांना दारातच गाठलं. "जुन्या आठवणी काढा. खाण्याच्या काढा."

मुलीने जॅमच्या ऑम्लेटचा विषय काढला. तिची होणारी सासू पहिल्यांदा घरी आली, त्या दिवशी बाबांनी ते खास तिच्यासाठी केलं होतं, वर कच्चा कांदा पेरून. सासूबाई मान खाली घालून खात राहिल्या आणि निघताना मुलीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "लवकर ये गं बाई आमच्याकडे."

मुलाने कलिंगडाचं सूप काढलं. त्यात सुकी मासळी पोहत होती. "आणि सगळ्यात आधी पाजायचे कुणाला? मला! रंगाचा नमुना दाराआडच्या भिंतीवर लावून बघतात ना, तसा. मी म्हणजे या घरातली दाराआडची भिंत!"

दोघं भावंडं हसून हसून बेजार झाली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट तर टाके धरून हसला.

रंगारीबुवाही हसले, पण बेतानेच. "फार त्रास दिला मी तुम्हाला," ते म्हणाले. "यापुढे नाही देणार."

संसारात इतकी वर्षं हे एक वाक्य ऐकायला बायकोचे कान आसुसले होते, आणि आता देवा, त्यांना हे परत घ्यायला लाव, असं ती मनात म्हणत होती.

रात्र तिने बाहेरच्या बाकावर कशीबशी काढली. सकाळी नाश्त्याचा ट्रे आत गेला आणि थोड्याच वेळात सिस्टर धावत बाहेर आली. तिने आधी डॉक्टरांना हाक मारली, मग हिला.

"काकू, काकांचं काहीतरी बिघडलंय. भलतंच करतायत. दह्यात संत्र्याच्या फोडी टाकल्या. मग त्यात खारी बिस्किटं..."

"अख्खी की कुस्करून?" बायकोने विचारलं.

सिस्टर गडबडली. "कुस्करून. वर मिरपूड घातली. मग म्हणाले, घट्ट झालंय, आणि कपातला चहा ओतला त्यात. आता वाटी घेऊन खिडकीशी उभे आहेत. उजेडात धरून बघतायत."

उठायला निघालेली बायको पुन्हा मटकन खाली बसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला या वयात कळलं. ती हसत सुटली. डोळे वाहत होते, पण ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"काकू, हसण्यावारी नेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "हे गंभीर लक्षण असू शकतं. डोक्याचा फोटो परत काढावा लागेल."

"गंभीरच आहे हो," ती म्हणाली. "लग्नापासून आहे."

तिघं आत गेली. रंगारीबुवा खिडकीशी उभे राहून चमच्याने वाटी ढवळत होते. आतला ऐवज मातकट दिसत होता आणि मधूनच एखादी फोड वर येऊन बुडत होती. बायकोला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"काल जीभ पार मेली होती गं माझी. कसलं सूप होतं ते? चुन्याची निवळी नुसती. आणि तू मला पिऊ दिलंस?"

"चुकलं माझं," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

डॉक्टरांनी घसा खाकरला आणि पुढे होऊन हळुवारपणे विचारलं, "काका, आज वार कोणता, सांगता येईल?"

रंगारीबुवांनी त्यांना नीट न्याहाळलं. तरुण माणूस, नवीन भिंत. त्यांनी चमचा काठोकाठ भरला आणि डॉक्टरांच्या तोंडासमोर धरला.

"आ करा," ते म्हणाले.