बोटांच्या बेचक्यांत

अण्णांना सांभाळायला येणाऱ्या मावशींनी सकाळी दादांना सांगितलं, "दादा, अण्णांच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलंय. मलाही रात्रभर खाज सुटते. डॉक्टरांना दाखवा."

झालं! दादांच्या डोक्यात तिडीकच गेली. "तुम्हीच आणलंत हे घरात!" म्हणत त्यांनी मावशींना तडकाफडकी काढून टाकलं, वडिलांच्या चादरी उकळत्या पाण्यात बुडवल्या, आणि तेव्हापासून त्यांचं स्वतःचंच अंग खाजायला लागलं. दवाखान्यातही वडिलांशेजारची खुर्ची सोडून ते दाराशी उभे राहिले. घडीत मान खाजव, घडीत पोट, मध्येच बायकोला फोन, "मुलांचे हात बघितलेस का?"

डॉक्टरांनी भिंग धरून दोघांनाही तपासलं. "वडिलांना खरूज आहे. तुम्हाला काही नाही, मनाचे खेळ आहेत."

"पण आम्ही पाच माणसं एकाच घरात राहतो हो!"

"नुसतं एका घरात राहून सहसा होत नाही. बराच वेळ हातात हात राहिला, अंगाला अंग लागलं, की तो बारीक किडा एकाच्या कातडीतून दुसऱ्याच्या कातडीत शिरतो. तेव्हा यांच्या इतकं जवळ जे जे येतात, त्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं. किती ट्यूब लिहू?"

दादा घाईघाईने बोटांवर घरातली माणसं मोजू लागले.

मनगट खाजवता खाजवता अण्णांनी मान वर केली.



"दोनच लिहा, डॉक्टर. एक मला, एक मावशींना."