पावत्यांची लॅम्पशेड

वनजमिनीचे दावे घ्यायचा आज शेवटचा दिवस, म्हणून रामी सकाळीच गुरुजींच्या घरी आपले कागद न्यायला आली. जंगलात नागली पेरली म्हणून सासऱ्याला दंड झाला होता. त्या दंडाच्या पावत्याच आता जमीन कसल्याचा पुरावा. अर्ज लिहायला तिने त्या गुरुजींकडे दिल्या होत्या. गुरुजींच्या बायकोने मात्र कौतुकाने नवी लॅम्पशेड दाखवली. “माळ्यावरच्या रद्दीतून केली. स्पर्धेला पाठवायचीय, हात लावू नकोस.” बल्ब पेटला आणि पिवळ्या कागदावर सासऱ्याचा निळा अंगठा उजळला. रामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “रद्दी म्हणतेस माझे सासऱ्याला?” “अगं, ओढू नकोस! दोनदा वॉर्निश मारलंय!” रामीने लॅम्पशेड उपसली आणि तडक ग्रामसभेत नेऊन दावे घेणाऱ्या वनहक्क समितीच्या टेबलावर आदळली. “हे काय?” अध्यक्ष वैतागले. “माझी जमीन. फिरव नि वाच. वॉर्निश मारलंय, आता पान्यानंबी पुसायची नाय.”