कपाटातला बल्ब

या दमट देशात बुरशी न बोलावता घरात शिरते, म्हणून वनस्पतिशास्त्र शिकायला आलेली ती मुलगी वसतिगृहातल्या कपाटात, वाळवलेल्या पानांशेजारी, उबेसाठी बल्ब चालूच ठेवायची. चार दिवसांनी जंगलातून परतली, तर बल्ब विझवलेला आणि प्रबंधासाठी वर्षभर जमवलेली निम्मी पानं बुरशीने खाल्लेली. “रिकाम्या खोलीत वीज जाळायची नाही,” वसतिगृहाचे अधीक्षक नियम मोडल्याचं माफीपत्र तिच्यापुढे सरकवत म्हणाले, “पानंच ती, पुन्हा तोडा.” आईने फोनवर बजावलं होतं, “परक्या मुलखात तोंड चालवू नकोस गं.” दातओठ खात ती सहीला वाकली, तेव्हा अधीक्षकांचं काचेचं कपाट दिसलं. आत चामड्याचे बूट, शेजारी पेटता बल्ब. “हा सुट्टीतही चालू असतो?” “मग, बुरशी नाही का लागणार?” तिने बूट उचलून माफीपत्रावर ठेवले आणि सोबतच्या पिशवीतली, बुरशीतून वाचलेली पानं बल्बशेजारी मांडली.