वरून फोन

निवडणूक कचेरीत पीएची खुर्ची सांभाळताना त्याने सात साहेब पाहिले होते. ‘वरून फोन आलाय’ म्हटलं की सातही जण खुर्चीतून अर्धे उठायचे. मॅडम आठव्या. आज रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून तो लगबगीने त्यांच्या केबिनमध्ये शिरला.

“मॅडम, वरून फोन आहे. फेरमोजणीचा निकाल आज लावू नका म्हणतायत.”

मॅडम त्याच निकालावर सही करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आपली कचेरी कितव्या मजल्यावर आहे हो?”

“सहाव्या. शेवटचा मजला.”

“मग आपल्या वर काय आहे?”

“गच्ची. पाण्याची टाकी आहे, मॅडम.”

“तिथे फोन कधी बसवला?”

त्याच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. तो आपल्या टेबलाशी परतला, खुर्चीत पाठ टेकून नीट बसला, आणि मग रिसीव्हर कानाला लावला.

“काय म्हणाल्या तुमच्या मॅडम?” पलीकडून कोणीतरी खेकसलं.

त्याने घसा खाकरला.

“राँग नंबर लागलाय, साहेब.”